छप्पर दुरुस्त केलं की करून घेतलं?

२०२० सालच्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत त्या दिवशी पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले आणि कौलं पाचोळ्यासारखी उडाली. शेजारच्या काकांच्या घराचा विमा होता. पाऊस तोंडावर आलेला, म्हणून त्यांनी मिळेल त्या गवंड्याला आणि सुताराला धरून आधी छप्पर उभं केलं आणि मग नातवाकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतला. मुलगा हुशार, स्पेलिंग एकही चुकलेलं नव्हतं. अर्जात होतं: 'आय रिपेअर्ड माय रूफ. आय चेंज्ड द टाइल्स. आय कट द फॉलन ट्रीज.' सोबत मजुरीच्या पावत्या.

महिन्याभराने विमा कंपनीचं उलट पत्र आलं. छप्पर आपण स्वतः दुरुस्त केलं, झाडं आपण स्वतः तोडली असं आपण लिहिलं आहे, तर मग जोडलेल्या पावत्या कोणाच्या मजुरीच्या, असं त्यात विचारलं होतं. काका पत्र घेऊन माझ्या ओटीवर आले. ऐंशीला टेकलेला माणूस, छपरावर चढणार कसा? "मी कुठे म्हटलं मी चढलो?" असं ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते. त्यांनी खरंच तसं म्हटलं नव्हतं. मराठीत 'मी छप्पर दुरुस्त केलं' म्हटलं की ऐकणारा समजून घेतो: माणसं आणली, पैसे मोजले, काम झालं. इंग्रजीने मात्र ते तसं म्हटलं होतं.

मी तीसेक वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि आता संध्याकाळी ओटीवर शिकवते. दहावी-बारावीची मुलं येतात, होमस्टे चालवणारं एक जोडपं येतं, नर्सिंगची एक मुलगी येते, मर्चंट नेव्हीत जायचंय म्हणून हर्णैचा एक मुलगा येतो. त्या पत्रानंतर मी दर नव्या बॅचला हा 'केलं की करून घेतलं'चा धडा क्रियापदाच्या काळाच्या आधी शिकवते. काळ चुकला तर समोरचा सावरून घेतो. काम कोणी केलं हेच चुकलं, तर तो तुमच्यावरच शंका घेतो.

मुळात ही गोष्ट आपल्याला नवी नाही. शाळेत प्रयोजक क्रियापद शिकलेलं असतं: बसणे–बसवणे, हसणे–हसवणे, करणे–करवणे. त्याहून जुनी जात म्हणजे पडणे–पाडणे, मरणे–मारणे, चरणे–चारणे. आपल्याकडे माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला पाडेली म्हणतात. नारळ पडतो, पाडेली नारळ पाडतो. एका कान्याने कर्ता बदलला. इंग्रजीतही पूर्वी असंच शब्दाच्या पोटात काम चालायचं आणि त्याच्या खुणा अजून आहेत. 'सिट' म्हणजे बसणे, 'सेट' म्हणजे बसवणे. 'राइज' म्हणजे उठणे, 'रेझ' म्हणजे उचलणे. 'लाय' म्हणजे पडून राहणे, 'ले' म्हणजे ठेवणे, आडवं करणे. आणि 'फॉल' म्हणजे पडणे तर 'फेल' म्हणजे पाडणे. वादळाने झाडं पाडली हे 'द स्टॉर्म फेल्ड द ट्रीज' आणि झाडं पडली हे 'द ट्रीज फेल' (हे 'फेल' म्हणजे 'फॉल'चंच भूतकाळी रूप). 'फॉल' आणि 'फेल' यांतला स्वर ओठात कसा बदलतो ते मुलांना मोठ्याने म्हणायला लावते, कारण पड–पाड त्यांच्या जिभेवर आधीच असतं. या दोन भाषा दूरच्या नात्यातल्या आहेत, आणि अशा ठिकाणी ते नातं दिसतं.

पण या जुन्या जोड्या आता मोजक्याच उरल्या. आजची इंग्रजी करवण्याचं काम वेगळ्या क्रियापदांवर सोपवते. मेक, हॅव, गेट, लेट, आणि जोडीला हेल्प. यातलं कोणतं उचलायचं हे ठरवण्याआधी मी मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवते: हात कोणाचा लागला? माझा लागला असेल तर साधं क्रियापद, पुढे विचार नको. दुसऱ्याचा लागला असेल तर दुसरा प्रश्न: तो कसा लागला? लावला, सांगून झाला, गळ घालून मिळवला, की त्याला मोकळीक दिली?

लावला असेल तर 'मेक'. मराठीतलं 'करायला लावणं'. समोरच्याची इच्छा असो वा नसो. 'द टीचर मेड अस राइट इट टेन टाइम्स', बाईंनी आम्हाला ते दहा वेळा लिहायला लावलं. रचना अशी: मेड, मग माणूस, मग क्रियापदाचं मूळ रूप. मध्ये 'टू' नाही. 'मेड अस टू राइट' ही आपल्याकडची सगळ्यात मुरलेली चूक आहे आणि ती कुठून येते हे मला इतक्या वर्षांत नीट कळलंय. 'लिहायला' म्हणजे 'टू राइट' असं आपण पाचवीपासून पाठ केलेलं असतं, म्हणून 'लिहायला लावलं' म्हणताना तो 'ला' आपल्या हातून 'टू' होऊन पडतो. मुलाला नुसतं 'चूक' म्हणून लाल खूण केली तर तो पुढच्या आठवड्यात तेच लिहितो. तो 'टू' कुठून आला हे दाखवलं की सुटतो.

मात्र वाक्य उलटं केलं आणि सोसणारा पुढे आला, की तोच 'टू' परत येतो. मी पाचवीत असताना फी वेळेवर भरली नाही म्हणून आम्हा चौघींना वर्गाबाहेर उभं केलं होतं. ते इंग्रजीत 'वी वर मेड टू स्टँड आउटसाइड द क्लास'. इथे 'टू' हवाच. शिक्षा कोणी केली ते सांगायचं नसेल तेव्हा ही रचना उपयोगी पडते, आणि तक्रारीच्या अर्जात तर फारच. 'आय वॉज मेड टू वेट फॉर थ्री अवर्स' असं लिहिलं की तुमच्यावर काय झालं ते ठसतं, आणि कोणाचं नाव घ्यावं लागत नाही.

'मेक'मध्ये नेहमी जबरदस्ती असते असंही नाही. मनाच्या गोष्टींत 'मेक' म्हणजे नुसतं कारण. नातवाने मला हसवलं, 'ही मेड मी लाफ'. त्या बातमीने रडवलं, 'द न्यूज मेड मी क्राय'. हसवणे, रडवणे, घाबरवणे ही मराठीतली 'व'ची क्रियापदं इथे सरळ बसतात. पण म्हणून प्रत्येक 'व' दिसला की 'मेक' उचलायचं नाही. शिकवणे म्हणजे 'टीच', दाखवणे म्हणजे 'शो', भरवणे म्हणजे 'फीड', आणि गणपती बसवणे म्हणजे 'इन्स्टॉल'. यांना इंग्रजीत स्वतःचे शब्द आहेत. आणखी एक 'व' आपल्याला फसवतो. गुडघे दुखायला लागले की आपण म्हणतो 'मला आता घाटी चढवत नाही'. हा करवण्याचा 'व' नव्हे, जमण्या-न जमण्याचा. त्याचं इंग्रजी 'आय कान्ट क्लाइंब'. एका मुलीने त्याचं भाषांतर 'नोबडी मेक्स मी क्लाइंब' असं केलं होतं. तिचा विचार व्याकरणाला धरूनच होता, म्हणून मी तिला आधी शाबासकी दिली आणि मग दोन 'व' वेगळे करून दाखवले.

होमस्टेवाल्या जोडप्याची गोष्ट इथेच सांगते. त्यांना गेटवर पाटी लावायची होती. 'आम्ही तुम्हाला ताजे मासे खाऊ घालतो' हे मनात धरून त्यांनी लिहून आणलं: 'वी मेक यू ईट फ्रेश फिश.' आपला आग्रह किती प्रेमाचा असतो. पान वाढताना 'अजून एक घ्या, आमच्यासाठी' म्हटल्याशिवाय आपल्याला जेवण वाढल्यासारखं वाटत नाही. पण ती पाटी वाचणाऱ्याला वाटेल की इथे मासे खायची सक्ती आहे, आणि शाकाहारी पाहुणा फाटकातूनच परत जाईल. 'वी सर्व्ह फ्रेश फिश' एवढं पुरेसं आहे. आग्रह वाढताना करावा, पाटीवर नको.

आता 'हॅव'. सांगितलं आणि झालं, असं नातं असेल तिथे हे. समोरच्याचं ते कामच असतं, किंवा तुमच्या शब्दाला तो ऐकतो. जबरदस्ती नाही, विनवणीही नाही. त्याच जोडप्याला मी हे वाक्य पाठ करून घ्यायला सांगितलं: 'आय विल हॅव माय सन ड्रॉप यू अ‍ॅट द एसटी स्टँड.' माझा मुलगा तुम्हाला स्टँडवर सोडेल, मी त्याला सांगते. रचना 'मेक'सारखीच: हॅव, माणूस, मूळ रूप, 'टू' नाही. माणूस पुढे घालून 'हॅव' म्हणण्याची ही सवय अमेरिकन बोलण्यात जास्त दिसते, पण सगळीकडे कळते.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या जवळच आहे. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' अशा शब्दांत हिरोजींचं नाव कोरलंय. गड बांधवून घेणारे महाराज, आणि बांधकाम उभं करणारे हिरोजी. 'शिवाजी महाराज हॅड हिरोजी इंदुलकर बिल्ड रायगड.' एका मुलाने मला विचारलं, मग पुस्तकात 'शिवाजी महाराज बिल्ट' असंच का लिहितात? चांगला प्रश्न. राजा, सरकार, एखादी संस्था यांच्याबाबतीत इंग्रजीही आपल्यासारखंच समजून घेते, तिथे 'बिल्ट' चालतं. राजाने चिरा उचलला असं कोणी वाचत नाही. घर बांधलं म्हणतानाही इंग्रज माणूस कधी कधी मालकालाच कर्ता करतो. पण केस, दात, डोळे, गाडी, इंजिन, छप्पर, शिवणकाम, फोटो, झेरॉक्स अशा ठिकाणी ही सवलत नाही. 'आय कट माय हेअर' म्हटलंत तर तुम्ही आरशासमोर उभं राहून कात्री चालवलीत.

पण रोजच्या व्यवहारात माणसाचं नाव घ्यायची वेळ क्वचितच येते. केस कापले, एवढंच सांगायचं असतं. कोणी कापले ते समोरच्याला काय करायचंय? तेव्हा 'हॅव'नंतर माणूस ठेवायचा नाही, वस्तू ठेवायची, आणि तिच्यानंतर क्रियापदाचं तिसरं रूप. 'आय हॅड माय हेअर कट.' 'वी हॅड द वेल क्लीन्ड', विहीर उपसून घेतली. 'शी हॅड हर आइज टेस्टेड', तिने डोळे तपासून घेतले.

यासाठी मराठीतली एक खूण आहे, ती धरून ठेवा. मराठी वाक्यात माणसाला 'ला' लागला असेल (मुलाला बसायला लावलं, मुलाला जाऊ दिलं) तर इंग्रजीत आधी माणूस आणि मग मूळ रूप. माणसाला 'कडून' लागलं असेल किंवा माणूस गाळलाच असेल (गवंड्याकडून गडगा बांधून घेतला, केस कापून घेतले) तर इंग्रजीत आधी वस्तू आणि मग तिसरं रूप, आणि 'कडून'साठी शेवटी 'बाय'. 'वी हॅड द वॉल बिल्ट बाय अ मेसन फ्रॉम केळशी.' 'ला' आणि 'कडून' ओळखता आलं की अर्धा धडा झाला. मुलं मराठीकडून इंग्रजीकडे जाताना अडखळतात. आधी मनातल्या मराठी वाक्याला 'करून घेतलं', 'करायला लावलं', 'करू दिलं' असं पूर्ण रूप द्या, आणि मगच भाषांतराला हात घाला. 'मी केस कापले' हे वाक्य मनात आहे तोवर बरोबर इंग्रजी येणार नाही. 'मी केस कापून घेतले' असं मनात म्हणा.

आता एक गोष्ट जवळून बघू, कारण जी मुलं इथवर बरोबर येतात तीही इथे घसरतात. मी चार चिठ्ठ्या करते. एकीवर 'आय', दुसरीवर 'हॅड', तिसरीवर 'माय हेअर', चौथीवर 'कट'. ओटीवर ओळीने मांडते: आय, हॅड, माय हेअर, कट. मी केस कापून घेतले. मग शेवटची चिठ्ठी उचलते आणि 'हॅड'च्या शेजारी ठेवते: आय, हॅड, कट, माय हेअर. शब्द तेच, चिठ्ठ्या चारच, आणि अर्थ पूर्ण पालटला: मी माझे केस कापले होते, माझ्या हाताने, आणि तेही कशाच्या तरी आधी. 'हॅड'ला तिसरं रूप चिकटलं की 'हॅड' काळाचा होतो. मध्ये वस्तू आली की 'हॅड' करवून घेण्याचा होतो. मुलांना मी ती चिठ्ठी स्वतः सरकवायला देते. दोन-तीनदा इकडून तिकडे, दर वेळी मोठ्याने मराठी अर्थ. जे फळ्यावर आठवडाभर समजत नाही ते बोटांना दहा मिनिटांत समजतं.

'हॅव'च्याच बाबतीत आणखी दोन गोष्टी. प्रश्न आणि नकार 'डू–डिड'ने करायचे. 'डिड यू हॅव द बोट पेंटेड?' 'वी डिडंट हॅव द बोट पेंटेड धिस इयर.' 'हॅड यू द बोट पेंटेड' असं म्हणू नका. दुसरी गोष्ट, हीच रचना नुकसानीसाठीही येते. 'ही हॅड हिज रूफ ब्लोन ऑफ', त्यांचं छप्पर उडालं. त्यांनी ते उडवून घेतलं नाही, त्यांच्यावर ते ओढवलं. 'शी हॅड हर पर्स स्टोलन' तसंच. कोणतं करवून घेतलेलं आणि कोणतं सोसलेलं, हे अर्थावरून कळतं. आपण कोणी मुद्दाम पर्स चोरवून घेत नाही. वादळानंतर आमच्या भागातल्या माणसांना ही दोन्ही वाक्यं एकाच अर्जात लागली: छप्पर उडालं, आणि मग ते दुरुस्त करून घेतलं.

'गेट'कडे येते. बोलताना 'हॅव'च्या जागी 'गेट' सर्रास चालतं: 'आय गॉट माय हेअर कट', 'कॅन आय गेट धिस फोटोकॉपीड?' पत्रात, अर्जात 'हॅव' शोभतं, दुकानात 'गेट'. पण माणूस पुढे ठेवला की 'गेट'चा स्वभाव वेगळा होतो, आणि त्याची रचनाही. इथे 'टू' येतो. 'गेट'मध्ये खटपट आहे. मागे लागणं, समजावणं, गळ घालणं, विनवण्या करणं, आणि शेवटी समोरच्याने होय म्हणणं.

पावसाळ्यात माडाचं खोड शेवाळलेलं असतं. पाडेली वर चढायला सहसा तयार होत नाही, आणि त्याचं बरोबर असतं, जीव त्याचा असतो. एका वर्षी श्रावणात घरी कार्य होतं, नारळ हवे होते. मी त्याच्या घरी दोनदा गेले, चार दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबले, खोड वाळल्यावर मगच तो चढला. हे मी इंग्रजीत सांगते तेव्हा म्हणते 'आय गॉट द पाडेली टू क्लाइंब द ट्री.' 'आय मेड हिम क्लाइंब' म्हटलं असतं तर मी एका माणसाला त्याच्या मनाविरुद्ध निसरड्या खोडावर चढवलं असं झालं असतं. 'आय हॅड हिम क्लाइंब' म्हटलं असतं तर मी हुकूम सोडला आणि तो चढला, असं. माड एकच, माणूस एकच, नारळही तेवढेच. क्रियापद निवडताना तुम्ही त्या माणसाशी कसे वागलात हेच सांगत असता. म्हणून मुलांनी घाईने एखादं ठोकून दिलेलं मला चालत नाही, मार्क मिळत असले तरी.

निर्जीव वस्तूंनाही हे लागू पडतं. पावसात पाणी गेलेला पंप तासभर झटून सुरू केला, 'आय फायनली गॉट द पंप टू स्टार्ट'. पंपाचीही समजूत घालावी लागते, असं म्हणा आणि 'टू' विसरणार नाही.

'लेट' म्हणजे करू देणं. रचना पुन्हा बिनटूची: 'माय फादर लेट मी गो.' माझ्या वडिलांनी मला कॉलेजसाठी रत्नागिरीला जाऊ दिलं. त्या काळात आमच्या वाडीतून एकटी मुलगी बाहेर शिकायला जाणं सोपं नव्हतं. घरात कोणी कोणाला काही करायला लावलं नाही, कोणी कोणाच्या मागे लागलं नाही. मी विचारलं, ते रात्रभर ओटीवर बसून राहिले आणि सकाळी म्हणाले, जा. 'लेट' या शब्दाचा अर्थ मला त्या सकाळपासून माहीत आहे. भूतकाळातही तो 'लेट'च राहतो, बदलत नाही. उलट्या वाक्यात मात्र तो वापरत नाहीत, तिथे 'अलाउ' येतं आणि बरोबर 'टू' घेऊन येतं: 'आय वॉज अलाउड टू गो.'

इथे उच्चाराचं एक सांगायलाच हवं. देवनागरीत उशिराचं 'लेट' आणि परवानगीचं 'लेट' सारखंच दिसतं, फाटकाचं 'गेट' आणि हे 'गेट'ही सारखंच. पण उशिराचं आणि फाटकाचं लांब, आणि आपलं दोन्ही आखूड, तोडून टाकल्यासारखं. आपली मुलं चारही सारखीच लांबवतात. तोंडी परीक्षेत यावरून गोंधळ होतो, म्हणून जोडीजोडीने म्हणून बघा.

'हेल्प'ला फार वेळ द्यायला नको. होडी ओढायला मदत केली, 'दे हेल्प्ड अस पुल द बोट' किंवा 'टू पुल', दोन्ही बरोबर.

सरावासाठी मी व्याकरणाच्या पुस्तकातली वाक्यं देत नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि जुलै सरायला आला की बंदरावर कामाची धांदल उडते. कोणी होडीला रंग लावून घेतो, कोणी इंजिन उघडून बसतो, कोणी लाकूडकाम करून घेतो. उघडीप असली की मी मुलांना घेऊन हर्णै बंदरात जाते. प्रत्येकाने दिसेल त्या पाच कामांवर पाच वाक्यं करायची, आणि दर वाक्याआधी पहिला प्रश्न विचारायचा: हात कोणाचा? घरी असाल तर हेच मे महिन्यात करता येतं, पावसाळ्याची बेगमी चालू असताना. लाकडं फोडून घेतली, कौलं परतून घेतली, आमसुलं स्वतः घातली, धाकट्याला आंब्याच्या पेट्या उचलायला लावल्या, थोरल्याला गळ घालून विहिरीत उतरवला, पोरांना पऱ्ह्यात (ओढ्यात) डुंबू दिलं. सहा वाक्यं, आणि त्यातलं एक साधं क्रियापद आहे. ते ओळखता आलं पाहिजे.

कारण प्रयोजक क्रियापद नीट शिकलेल्या मुलांची नवी चूक होते. सगळंच करून घ्यायला लागतात. मर्चंट नेव्हीवाल्या मुलाने गेल्या जुलैत बंदरावर बसून आपल्या वडिलांबद्दल लिहिलं: 'माय फादर हॅज हिज इंजिन रिपेअर्ड. ही हॅज हिज नेट मेंडेड.' वडील तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख, आहेत. आम्ही बसलो होतो तिथून दहा पावलांवर ते होडीच्या सावलीत पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून बसले होते, हातात सुई, आणि फाटलेली कडा एकेक आस विणून भरत होते. मेकॅनिक दापोलीहून आला होता, तो इंजिनात डोकं घालून होता. मी मुलाला वाक्य वाचायला सांगितलं आणि मग वडिलांकडे बघायला सांगितलं. त्याने दोन्हींकडे पाहिलं, पहिलं वाक्य तसंच ठेवलं, दुसरं खोडलं आणि खाली लिहिलं: 'ही मेंड्स द नेट हिमसेल्फ.'